अरुण कळवेल

कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी नवा मुख्य प्रशिक्षक कोण शोधणार, असं रूलोफने विचारलं तेव्हा मीटिंगमधल्या सगळ्यांनी आपापल्या डायऱ्या चाळल्या. "मला वेळ नाही," पहिला म्हणाला. "मला इच्छा नाही," दुसरी म्हणाली. तिसऱ्याने नुसतंच "ने", म्हणजे 'नाही', म्हटलं आणि तो कॉफी ढवळत बसला. डच माणूस नकार असा देतो. देणाऱ्याला काही वाटत नाही, घेणाऱ्यालाही काही वाटत नाही. राहता राहिला अरुण. तो म्हणाला, "बघतो."

पुण्यात 'बघतो' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ही मीटिंग अ‍ॅमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागातल्या एका कॉलेजात चालली होती. संध्याकाळी इतिवृत्त आलं. त्यात शेवटची ओळ होती : प्रशिक्षकाचं अरुण बघेल.

अरुण त्या कॉलेजात कंप्युटर सांभाळायचा. फुटबॉलमधलं त्याला एवढंच कळायचं की चेंडू हाताने धरायचा नसतो. संघाला बहुधा तेवढंही कळत नसावं, कारण मोसमातले आतापर्यंतचे अकराच्या अकरा सामने तो हरला होता. अकराव्या सामन्यात नऊ गोल झाल्यावर जुन्या प्रशिक्षकाने गळ्यातली शिट्टी काढून गोलकीपरच्या हातात दिली आणि तो सरळ ट्रॅम पकडून घरी गेला होता.

दुसऱ्या दिवशी रूलोफने अरुणला केबिनमध्ये बोलावलं. रूलोफ त्याचा साहेब. उंच, शांत, आणि बोलण्यात आडपडदा नाही.

"तुझं कॉन्ट्रॅक्ट एकतीस मार्चला संपतंय. तुला पर्मनंट करायचं माझ्या मनात आहे. पण या फॉर्ममधला एक रकाना रिकामा आहे. 'स्पष्ट बोलतो का?'"

"म्हणजे?"

"म्हणजे तू कोणालाच नाही म्हणत नाहीस. सगळ्यांना 'बघतो', 'कळवतो' म्हणतोस आणि ती माणसं वाट बघत बसतात. आता तीन उमेदवार येतील. एकाला घे, दोघांना तोंडावर नाही म्हण. मग मी हा रकाना भरतो."

घरी हूफडॉर्पला जाणाऱ्या बसमध्ये अरुण बोटांवर हिशोब करत बसला. नोकरी गेली की व्हिसा गेला. त्याची बायको मंजूषा दीड वर्ष घसा खरवडून डच शिकली होती आणि गेल्याच महिन्यात तिला इथल्या लायब्ररीत काम मिळालं होतं. तिथला बिल्ला ती घरातही काढत नव्हती. तिला काय सांगायचं? मला नाही म्हणता येत नाही म्हणून बॅगा भर?

शनिवारी कॉलेज बंद, म्हणून मुलाखती घरीच ठरल्या. डच घरात पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि डब्याचं झाकण लगेच बंद होतं. मंजूषाने कांदेपोहे, बटाटेवडे आणि केशर घातलेला शिरा केला.

"अगं, मुलाखत आहे!"

"मग? घरी आलेल्या माणसाला कोरडं पाठवू?"

पहिला आला कोर, निवृत्त पीटी मास्तर. त्याच्या मते पोरांना सहा आठवडे चेंडू दाखवायचाच नाही, नुसतं पळवायचं. हे सांगता सांगता त्याने तीनदा पोहे घेतले. दुसरा रामदीन, शहराच्या झुइडओस्ट भागात राहणारा, मूळचा सुरिनामचा, पणजोबा भारतातून तिकडे गेलेले. बचाव म्हणजे भित्र्यांचं काम, अकराच्या अकरा जणांनी पुढेच जायचं, असं त्याने आजीकडून आलेल्या हिंदीत सांगितलं. शिऱ्याचा पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. "आजीच्या हातचा," एवढंच तो म्हणाला. तिसरी आनेके, मुलींच्या हॉकी संघाची प्रशिक्षक. तिने टेबलावर अकरा वडे मांडले, सगळे गोलच्या तोंडाशी, आणि तिथून एकानेही हलायचं नाही असं बजावलं. मग त्यातले चार बचावपटू खाल्ले.

"मी तुम्हाला योग्य वाटते की नाही?" तिने सरळ विचारलं.

"फारच छान वाटलं तुम्हाला भेटून," अरुण म्हणाला. "कळवतो."

दार लागल्यावर मंजूषा म्हणाली, "मग? कोणाला नाही म्हणालास?"

"तिघांनाही कळवतो म्हणालो."

मंजूषाने हातातली ताटली खाली ठेवली. अरुणला पुढचं माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी साताऱ्यात मंजूषाच्या घरचे पोहे खाऊन तो तिच्या वडिलांना हेच म्हणाला होता. सगळं जग 'कळवतो' ऐकून दुसरं स्थळ शोधायला लागतं. पण तिचे वडील दीनानाथ पडले सरळ माणूस. ते चार दिवस फोनपाशी बसून राहिले आणि पाचव्या दिवशी पेढे घेऊन थेट कोथरूडला आले. पेढ्यांसमोर अरुणला काही बोलता आलं नाही. त्या 'कळवतो'चा अर्थ काय होता, हे मंजूषाने अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आत्ताही तिने विचारलं नाही. ताटली उचलून ती आत गेली.

पुढचा आठवडा अरुण 'ने' म्हणायची तालीम करत होता. दाढी करताना आरशाला, बसस्टॉपवर वाऱ्याला. बाजारात चीजवाल्याने तुकडा चाखायला दिला तेव्हा त्याने तोंड उघडलं, ते मिटेपर्यंत दोन किलो चीज पिशवीत पडलं होतं. मन मुळी एका जागी ठरेना. शेवटी गुरुवारी त्याने मन घट्ट करून आनेकेला फोन लावला.

"तुम्ही उत्तमच आहात, पण काय आहे, निवड समितीला जरा..."

"समितीत कोण आहे?"

"मी."

"आणखी?"

"आणखी कोणी नाही."

"मग समितीचं काय म्हणणं आहे?"

"असं करू, शनिवारी अकराला सामना आहे, मैदानावर या. समोरासमोर बोलू."

कोरला आणि रामदीनलाही त्याने हेच सांगितलं. वेळ मारून नेली म्हणून त्याला हायसं वाटलं. तिघांनी मात्र ही वेळ डायरीत लिहून घेतली. ज्या घरात शिऱ्यापर्यंत खाऊ घालतात आणि वर सामन्याच्या वेळेला मैदानावर बोलावतात, तिथे आपली नेमणूक झाली, याबद्दल कोणाच्याच मनात शंका उरली नव्हती.

शनिवारी अकराला तिघंही नव्या ट्रॅकसूटमध्ये हजर. तिघांच्या गळ्यात तीन शिट्ट्या. भुरभुर पाऊस, आडवा वारा, आणि कोपऱ्यात छत्री उलटी होऊ नये म्हणून झगडणारा रूलोफ. अरुण बोलायला पुढे सरसावला आणि तेवढ्यात सामना सुरू झाला.

"पळा!" कोर ओरडला.

"पुढे! सगळे पुढे!" रामदीन ओरडला.

"मागे! गोलपाशी!" आनेके ओरडली.

बिचारी पोरं आज्ञाधारक. ती सगळीच्या सगळी पुढे पळाली, सगळीच्या सगळी मागे पळाली, आणि कोरचा आवाज चालू असल्यामुळे थांबली मात्र नाहीत. समोरच्या संघाला हे काय चाललंय कळेना. चेंडू घेऊन गोलपाशी जावं तर तिथे अकरा जण उभे, मागे वळून बघावं तर तेच अकरा जण आपल्या गोलवर चालून येताहेत. नव्वद मिनिटांनी शिट्टी झाली तेव्हा गोलफलकावर शून्य-शून्य होतं. मोसमातला पहिला गुण! पोरांनी चिखलात लोळण घेतली. गोलकीपर तर रडलाच.

रूलोफ अरुणजवळ आला. "अभिनंदन. पण प्रशिक्षक एकच ठेवता येईल. जा, दोघांना आत्ता सांग."

अरुण निघाला. तिघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत उभे होते. मंजूषाने पाठवलेल्या डब्यातून रामदीन आनेकेला शिरा भरवत होता. त्या तीन ओल्या, आनंदी चेहऱ्यांकडे बघून अरुण आल्या पावली परत फिरला.

"सांगितलंस?"

"नाही."

"मग कधी सांगणार?"

"नाही सांगणार," अरुण म्हणाला. आवाज आपलाच आहे का, असं त्याला वाटून गेलं. "यातला एक जरी काढला तरी आपण पुन्हा नऊ गोल खाऊ. मला तिघंही हवेत. तुम्हाला दोघं काढायचे असतील तर तुम्ही सांगा."

रूलोफने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तो स्वतःच तिघांकडे गेला. कोरने त्याचा हात दाबला, रामदीनने त्याला मिठी मारली, आनेकेने विचारलं, "सरळ सांगा, मी आहे की नाही?" रूलोफने मान खाजवली, आभाळाकडे बघितलं, आणि अरुणला वाऱ्यावरून स्पष्ट ऐकू आलं :

"मी... कळवतो."

परत येऊन रूलोफने छत्री मिटली. मग त्याने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला, अरुणच्या पाठीवर ठेवला आणि तो रिकामा रकाना भरला. "दोनदा नाही म्हणालास," तो म्हणाला. "तेही मला. सोमवारी सही करायला ये."

घरी मंजूषाने बातमी ऐकली आणि ती मटकन खुर्चीत बसली. बिल्ला मुठीत घट्ट धरून ती थोडा वेळ हसली, थोडा वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता तुला स्पष्ट बोलता येतं ना? मग एक विचारते. बाबांना कळवतो म्हणालास, तेव्हा तुला नाही म्हणायचं होतं?"

अरुणच्या ओठांवर 'बघ' एवढं आलं. ते त्याने गिळलं.

"हो," तो म्हणाला. "नाही म्हणायचं होतं. हिंमत झाली नाही."

मंजूषाने मुठीतला बिल्ला टेबलावर ठेवला. बाहेर वारा खिडकीशी झटापट करत होता.

"फार बरं झालं नाही झाली ते," अरुण म्हणाला. "नाहीतर मी काय केलं असतं गं तुझ्याशिवाय?"

मंजूषाने उठून फोन त्याच्यासमोर आणून ठेवला. साताऱ्यात संध्याकाळ झाली असेल. अरुणने नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला पलीकडून आवाज आला, "बोला अरुणराव!"

"बाबा, तुम्हाला आठवतंय? अकरा वर्षांपूर्वी मी कळवतो म्हणालो होतो."

"हो, म्हणाला होतात."

"तर कळवायला फोन केलाय. मुलगी पसंत आहे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग दीनानाथ अगदी गंभीरपणे म्हणाले, "बरं झालं कळवलंत. पेढे आणले तेव्हा तुम्ही तोंडाने काही बोलला नव्हतात हो. त्याआधी मी फोनपाशी बसलो होतो तेव्हा आमची ही म्हणायची, विषय संपला, उठा आता. पण मी तिला सांगून ठेवलं होतं, माणूस शब्दाचा आहे, कळवेल."

मंजूषाने फोन अरुणच्या हातातून काढून घेतला आणि आपला रुमाल त्याच्या हातात दिला.