युसुफच्या गॅरेजपुढची स्वयंस्फूर्त नाकाबंदी

चाकणहून महाळुंग्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर, युसुफ मेकॅनिकच्या दुचाकी गॅरेजसमोर एक लोखंडी बॅरिकेड उभे होते, ही बाब निर्विवाद आहे. ते कोणाचे, ही बाब मात्र बराच काळ वादग्रस्त राहिली.

झाले असे की, एका कारखान्याच्या नव्या शेडचे उद्घाटन करायला एक मान्यवर येणार होते. त्यानिमित्त रस्त्यात नाकाबंदी लागली. मान्यवरांनी ऐनवेळी मुंबईत बसल्या जागी बटण दाबले, इकडे शेडवरचा पडदा सरकला आणि बंदोबस्त उठला. पोलीस गेले, खुर्च्या गेल्या, पाण्याचे जार गेले. एक बॅरिकेड तेवढे राहून गेले. पिवळा रंग, खाली चाके आणि वर एका भावी लोकप्रतिनिधीचा हात जोडलेला फोटो. फोटोखाली लिहिले होते, ‘आपली सुरक्षा, हीच आमची सेवा’.

ही सेवा अर्धी रस्त्यात आणि अर्धी युसुफच्या गॅरेजच्या तोंडावर उभी होती. दुरुस्त झालेल्या गाड्या बाहेर येईनात आणि बिघडलेल्या आत जाईनात. गिऱ्हाइके दोन दिवस ओरडली आणि मग दुसरा मेकॅनिक शोधू लागली.

युसुफची बायको ताजुन्निसा गॅरेजच्या मागच्याच खोल्यांत राहते आणि न पटलेली गोष्ट पोटात ठेवत नाही.

“अहो, ढकला की ते बाजूला. चाकं आहेत त्याला.”

“सरकारी माल आहे.”

“मग?”

“सरकारी मालाला दुसऱ्या कोणी हात लावला तर तो जागरूक नागरिक. युसुफने लावला तर पेपरात फोटो. आणि फोटोत माझ्या तोंडावर काळा कपडा.”

ताजुन्निसाने क्षणभर विचार केला. “निदान कपडा धुतलेला द्या म्हणावं.”

तेव्हा ज्याने ठेवले त्यानेच ते उचलून गॅरेजचे तोंड मोकळे करावे, एवढे एकच मागणे घेऊन युसुफ बॅरिकेडशेजारी जुन्या टायरवर चहाचा ग्लास घेऊन बसला. पोलिसांची गाडी कधीतरी जाईलच, तिला हात करू, असा त्याचा हिशेब. चूक झाली ती इथे. बॅरिकेडशेजारी बसलेला माणूस हा माणूस राहत नाही, यंत्रणा होतो, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

सकाळच्या पाळीला निघालेले सोपानराव सर्वांत आधी आले. हे मूळचे अंबाजोगाईकडचे. कारखान्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये इतकी वर्षे काढली की कंपनीचे गेट त्यांच्या हाडांत उतरले आहे. गेट दिसले की गाडी बंद करायची, डबा उघडायचा, दोन्ही हात वर करायचे आणि आभाळाकडे बघायचे. घराला नवे दार बसवले तेव्हासुद्धा ते कित्येक दिवस उंबऱ्यात हात वर करून उभे राहत आणि सूनबाई खिसे चाचपून त्यांना आत घेई, असे सांगतात.

बॅरिकेड दिसताच सोपानरावांनी गाडी बंद केली, डबा उघडला आणि हात वर केले. युसुफ चहा पीत राहिला.

“काय बघायलाव नुसतं? उघडलाय की डबा. शिफ्ट चुकायलीय माझी.”

युसुफने दचकून डब्यात पाहिले. “भेंडी आहे.”

“हाय. जाऊ का?”

“जा की भाऊ. मी कुठं धरलंय?”

सोपानराव समाधानाने गेले. त्यांच्या मागचा डबा उघडून उभाच होता. त्याच्याकडे शेपू होती. तिसऱ्याने डब्याबरोबर चपलाही काढून दाखवल्या. संध्याकाळी तीच माणसे उलट्या दिशेने आली आणि रिकामे डबे दाखवून गेली. कारण आत जाण्यापेक्षा बाहेर पडतानाची तपासणी महत्त्वाची, हे या पट्ट्यात रांगते मूलही जाणते.

यानंतर नाक्याची प्रगती कोणाच्या हातात राहिली नाही. महिलांनी स्वतंत्र रांगेची मागणी केली आणि ताजुन्निसाला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून पर्स तपासायला बसावे लागले. रांग वळणापर्यंत गेली. रांगेला शहाळेवाला मिळाला. रांगेतच एक सोयरीक जमली. मात्र मुलगा मुलीच्या पुढे उभा असल्याने बघण्याचा कार्यक्रम त्याला मान मोडेपर्यंत वळून करावा लागला. रस्त्यावरची एक कुत्रीदेखील बॅरिकेडपाशी आली की पुढचे दोन पाय वर करू लागली. हे ज्याने मला सांगितले तो खोटे बोलत नाही. थोडे फुगवतो.

मारुंजीहून येणारा निरंजन हा संगणक अभियंता. त्याने लॅपटॉपची बॅग उघडून विचारले, “तुमचं अ‍ॅप नाही का? ओटीपी वगैरे?”

“नाही.”

“मग मी मीच आहे हे तुम्हाला कसं कळणार?”

“नाही कळणार, साहेब.”

निरंजनला हे फारच असुरक्षित वाटले. त्याने बॅरिकेडशेजारी उभे राहून स्वतःचा फोटो काढला, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू आणि पगाराची स्लिप जोडली आणि सगळे युसुफला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिले. मग कुठे त्याला धीर आला.

गॅरेज मात्र बंद ते बंदच. पोलिसांची गाडी काही फिरकेना, तेव्हा युसुफ स्वतः चौकीत गेला. तिथे दिग्विजय नावाचे फौजदार होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“ते आमचं नाही.”

“साहेब, तुमच्याच बंदोबस्तात आलं होतं.”

“आमच्या बॅरिकेडवर नंबर असतो. याच्यावर आहे?”

“नाही. फोटो आहे.”

“मग आमचं कसं?”

“मग मी हलवू का?”

“तुमचं आहे?”

“नाही.”

“मग तुम्ही कसं हलवणार? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणं गुन्हा आहे.”

“मग बेवारस समजून तुम्हीच उचला ना, साहेब.”

“बेवारस म्हणजे ज्याच्यापाशी कोणी नाही ते. तिथं रोज एक इसम बसतो, अशी आमची खात्रीलायक माहिती आहे.”

“तो इसम मीच.”

“मग बेवारस कसं?” फौजदारांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चांगलं काम करताय. आमच्याकडं तशीही माणसं कमी आहेत.”

युसुफ परत आला तो आणखी घट्ट अडकून. आता गॅरेज उघडायचे तर नाका सोडावा लागणार, आणि नाका सोडला तर त्या खात्रीलायक माहितीत लगेच भर पडणार, की इसम फरारी आहे.

दुसऱ्या दिवशी वकील विजयश्री यांची गाडी रांगेतून पुढे आली. नागरी स्वातंत्र्य या विषयावर त्यांची व्याख्याने होतात आणि ऐकणारे शेवटी जेवणापर्यंत थांबतातही. त्या तावातावाने खाली उतरल्या.

“कोणत्या कलमाखाली थांबवलंत मला?”

“ताई, मी कुठं थांबवलं? तुम्ही थांबलात.”

“हात केलात तुम्ही!”

“माशी हाकलली.”

“घटनेच्या एकोणिसाव्या कलमानं मला देशात कुठंही फिरायचा हक्क आहे. झडती घ्यायची तर कारण लागतं, अधिकार लागतो, गणवेश लागतो!”

“लागत असेल. माझ्याकडं यातलं काहीच नाही. तुम्ही जा ना, ताई.”

विजयश्री गाडीत बसल्या. किल्ली फिरवली. गाडी हलली नाही. काच खाली आली.

“डिकी बघणार नाही?”

“नको.”

“नको कसं? पुढच्याची बघितलीत. मग माझीच का नाही? हा उघड भेदभाव आहे. चौदावं कलम वाचलंय का कधी?”

युसुफने डिकी पाहिली. तिच्यात एक छत्री आणि ‘भय सोडा, प्रश्न विचारा’ या व्याख्यानाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता.

नागरिक ऐकेनात, पोलीस घेईनात, तेव्हा युसुफने समाजाकडे जायचे ठरवले. गॅरेजमागच्या मोठ्या सोसायटीचे अध्यक्ष अर्जुनराव हे जुन्या गावातले. जिथे त्यांची ज्वारी होती तिथेच आता त्यांचे तीन फ्लॅट आहेत.

“काका, बॅरिकेड हलवा, असा सोसायटीचा एक अर्ज द्या. माझं दुकान बंद पडलंय.”

“हलवायचं?” अर्जुनराव खुर्चीतून अर्धे उठले. “आरं, त्याच्यामुळं तर लोकं सुखानं झोपत्यात. फ्लॅटचा भाव वाढलाय. चोऱ्या बंद झाल्यात.”

“आधी व्हायच्या?”

“न्हाई. पन आता तर अजिबातच न्हाई!” मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “उलट तूच आलास ते बरं झालं. आमच्या ग्रुपवर इषय निघालाय. समद्यांना तपासतोय त्यो युसुफ. पन युसुफला कोन तपासतंय? माझं काय न्हाई बाबा, तू ल्हानपनापास्नं डोळ्यापुढचा. पन लोकं म्हनत्यात.”

लोक म्हणतात म्हटल्यावर ठराव झाला. रोज टायरवर बसण्यापूर्वी युसुफने स्वतःच्या नाक्यावर स्वतः झडती द्यावी आणि ती अध्यक्षांनी घ्यावी. पहिल्याच दिवशी खिशातून काहीतरी लोखंडी निघाले.

“ह्ये काय?”

“दहा-अकराचा पाना आहे, काका. तुमच्याच बुलेटला लावतो मी.”

“व्हय, पन आत्ता बुलेट कुठाय?”

“गॅरेजात अडकलीय. बॅरिकेडच्या मागं.”

अर्जुनरावांनी पाना जप्त केला. त्या रात्री ताजुन्निसाने भाकरी ताटात जरा जोरात टाकली. “गॅरेज गेलं, आता पानेही चालले. पुढच्या महिन्यात पोरांना काय, लोकांचे डबे बघून जेवायला घालायचं?”

युसुफ सकाळी थेट विजयश्रींच्या घरी गेला. घरी असताना त्या बऱ्याच समजूतदार होत्या.

“सोपं आहे,” त्या म्हणाल्या. “झडती घेणाऱ्यानं कारण सांगायचं असतं. तुम्ही कोणीच नाही, तेव्हा तुमच्याकडं कारण नाही. म्हणजे कारण असलंच तर ते थांबणाऱ्याकडं असणार. त्यालाच विचारा.”

युसुफला हे फारसे पटले नाही. पण खिशात पाना नसलेल्या मेकॅनिकला निवड कुठली? तो टायरवर येऊन बसला. सोपानराव आले, गाडी बंद झाली, डबा उघडला, हात वर गेले.

“भाऊ,” युसुफ नम्रपणे म्हणाला, “तुम्ही का थांबलात?”

“म्हंजे?”

“म्हणजे, थांबा असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

सोपानरावांनी हात खाली घेतले आणि डब्याचे झाकण लावले. आयुष्यात त्यांचे खिसे, डबा, मोजे आणि एकदा तर तोंडही तपासून झाले होते. पण हा असा अंगावर येणारा प्रश्न कोणी केला नव्हता.

“हे विचारणारे तुमी कोण?”

“कोणीच नाही.”

“मग विचारायलाव कसं काय? डबा बघा न् सोडा. माणसाला काही इज्जत हाय का न्हाई?”

मागच्या स्कूटरवर वर्षाली नावाची तरुणी होती, एका कंपनीच्या एचआर विभागात. तिला तोच प्रश्न झाला. ती म्हणाली की पर्स हवी तर उलटी करते, पण असले वैयक्तिक प्रश्न चालणार नाहीत. निरंजनने हा आपल्या खासगीपणाचा भंग असल्याचे जाहीर केले आणि तसा निषेध, लाइव्ह लोकेशनसह, युसुफच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दुपारपर्यंत सोसायटीचा ग्रुप पेटला. नाक्यावर लोकांना ‘का’ विचारतात! आज ‘का’ विचारले, उद्या ‘कशाला’ विचारतील. आपण हुकूमशाहीत राहतो काय?

रविवारी मोर्चा निघाला. अर्जुनराव अग्रभागी, पाठोपाठ सोपानराव, निरंजन, वर्षाली, आणि मार्गदर्शक म्हणून विजयश्री. ‘स्वातंत्र्य आमच्या हक्काचं’ अशी गर्जना करत मोर्चा बॅरिकेडपाशी आला, थांबला, त्याच्या दोन रांगा झाल्या, पुरुष इकडे, महिला तिकडे, आणि आंदोलकांनी फलक बगलेत धरून पिशव्या उघडल्या.

युसुफ टायरवरून उठला. “काका, का थांबलात?”

अर्जुनराव लालबुंद झाले. “आरं, तुला हटवायला आलुया आमी!”

“मग हटवा ना. रांग कशाला लावलीत?”

या प्रश्नाने मात्र जनतेच्या सहनशीलतेचा अंत झाला. संतप्त नागरिकांनी बॅरिकेड ओढले, ढकलले, घोषणांच्या गजरात चौकीपर्यंत नेले आणि दारात आदळले. फौजदार दिग्विजय धावत बाहेर आले. त्यांनी बॅरिकेडवरून मायेने हात फिरवला.

“अरे, हे तर आमचंच! इतके दिवस कुठं होतं?”

त्याच संध्याकाळी गॅरेजचे तोंड मोकळे झाले. युसुफने बुलेट बाहेर काढली, अर्जुनरावांकडून पाना परत आणला, आणि ताजुन्निसाने सर्वांना चहा केला. तो पिताना सोपानराव म्हणाले, “आमच्या लढ्यामुळं सुटलाव तुमी, हे इसरू नका.” युसुफने मान डोलावली आणि त्यांच्या गाडीची चेन फुकटात ताणून दिली.

ही हकीकत मी आजवर पुष्कळ जणांना सांगितली. सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर मी प्रत्येकाला एवढेच विचारले की, मागच्या वेळी रस्त्यात तुम्हाला अडवले आणि तुम्ही डिकी उघडलीत, तेव्हा त्या माणसाला काय विचारले होतेत? त्यातले निम्मे माझ्याशी बोलायचे थांबले आणि उरलेल्यांनी चहा पाजायचा बंद केला. या वयात ते परवडत नाही. सबब, प्रस्तुत वाचकाला मी कोणताही प्रश्न विचारलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी.