डाव्या पायाची जागा

गाडी चालू करायच्या आधी भूपालअण्णा बॉनेटवर तीन टिचक्या मारायचे आन् वाकून आत सांगायचे, "उठा रं बाबांनो. चालू करतोय." मग हात मागं बांधून गप उभं ऱ्हायचे. पाल, मांजराचं पिल्लू, एखादा मुंगळा, जो कोण आत झोपला आसंल त्येला उठून भाईर पडाय जेवढा येळ लागंल तेवढा. गंमत म्हंजे त्या वक्ताला बॉनेटखाली इंजिनच न्हवतं. ते मी काढून फळीवर ठेवलं हुतं. तरीबी अण्णा रोज सकाळी येऊन टिचक्या मारायचे. म्हणायचे, "सवय मोडाय नको. हळू. जीव असतोय."

हे "जीव असतोय" त्यांचं ठरलेलं. नट जोरात आवळला, जीव असतोय. हातोडा मारला, जीव असतोय. एकदा मी माझ्याच अंगठ्यावर हातोडा मारून घेतला तवा मातर काय म्हणाले न्हाईत, खिशातनं हळदीची पुडी काढली आन् अंगठ्यावर थापली.

मी सदा. सांगलीत मिरजेच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं शेड हाय. खिडकीची ग्रील, उसाची ट्रॉली, गेट, काय बी जोडतो. आजपतूर जोडलेलं निम्मं अजून टिकून हाय. अण्णा हळदीचे व्यापारी, जैन माणूस, अंगानं भरलेले, वय सत्तरीच्या आसपास. हात कायम पिवळे. गाडीचं काम निघाल्यापासनं पिवळ्यावर काळं.

दुसरी गोष्ट, सूर्य. दिवस बुडायच्या आत त्यांचं जेवण झालंच पायजे. बुडल्यावर घास न्हाई, पाण्याचा घोट न्हाई. पाच वाजले की एक डोळा गाडीवर आन् एक आभाळावर. एकदा मी गाडीखाली उताणा पडलेलो, वरनं ते एक पाईप धरून उभं. दिवस कलला तसा पाईप माझ्या पोटावर अलगद ठेवला आन् जेवाय गेले. मी आरडलो तर लांबनं म्हणाले, "मी थांबीन रं, त्यो थांबतोय का?"

आता गाडी. विलायती, तांबडी, बुटकी, टप नसलेली, दोन सीटांची. शर्यतीत पळवायची जात म्हणं. पाचगणीचा कोण साहेब देश सोडून जाताना अण्णांच्या वडलांना देऊन गेला हुता. तिच्यात बसायचं म्हंजे हिरीत उतरल्यागत, आधी एक पाय, मग देवाचं नाव, मग बाकीचा माणूस. अण्णा आत शिरले की गाडी चार बोटं खाली जायची आन् भाईर आले की मोकळा श्वास घ्यायची.

त्यांला तिच्यात मोठं इंजिन घालायचं हुतं. भंगारातनं एका जीपचं इंजिन आणलं. ते गाडीशेजारी ठेवलं तर गाडीचा बाप शोभंल असं. मी म्हणलं, "अण्णा, कशापायी? हाय ती बरी पळतीय की."

"चढाला दम लागतोय तिला," एवढंच म्हणाले.

मला तेवढं बास झालं. चहाच्या टपरीवर रोज अण्णांची नक्कल कराय लागलो. पोट फुडं काढायचं, टेबलावर तीन टिचक्या मारायच्या, "उठा रं बाबांनो." लोकं चहा सांडूस्तवर हसायची. मी तर सांगत सुटलो की म्हातारा हायवेवर कॉलेजच्या पोरांशी शर्यत लावणार हाय. लोकं इचारायची, शेजारी कोण बसणार? मी म्हणायचो, हळदीचं पोतं. ते आठवलं की आजबी मान वर हुत न्हाई.

काम सुरू करताना अण्णांनी मला एक कागद दिला. सुंदर अक्षर, मोत्यागत. सुंदर हाय एवढं मला कळलं. बाकी काय कळलं न्हाई, कारण मला वाचाय येत न्हाई. हे मी सांगतोय आन् आमची मंडळी लिवून घेतीया. ती आत्ता थांबून इचारती, "हे लिवू का?" म्हणलं, लिव. शाळंच्या भिताडाला मी दोन खिडक्या बसवल्यात, तेवढाच माझा शाळंशी संबंध. आकडे वळखतो, पण मोबाईलातले, इंग्रजी. अण्णांचे आकडे मराठी. मी कागद हातात धरला, कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली. अण्णांनी इचारलं, "समजलं न्हवं?" मी म्हणलं, "पाठ हुईल दोन दिवसांत." मग शानमधी खळ लावून कागद भिताडाला चिकटवला. लिवलेलं दोन्हीकडं हुतं. जिकडं अक्षरांच्या मुंग्या जास्त दिसल्या ती बाजू वर ठेवली.

कागद घरी नेऊन मंडळीकडनं वाचून घ्यायला काय झालं हुतं? पण मी तिला सांगितलं हुतं की मी आता इंजिनियरचं काम करतोय. इंजिनियर कागद बायकोकडनं वाचून घेत न्हाई असं मला वाटायचं.

तवापासनं अण्णांना एक नवीन येड लागलं. रोज टिचक्या झाल्या की भिताडाकडं तोंड करून उभं ऱ्हायचे आन् कागद पुटपुटायचे, देवळात म्हणल्यागत. "वीस इंच. वीस इंच म्हंजे दोन वीत आन् तीन बोटं हुत्यात न्हवं?" असं भिताडालाच इचारायचे. मला बरंच पडायचं. टेपवरल्या बारीक रेघा मला कळत न्हाईत, माझं समदं काम वितीवर. ते पुटपुटायचे, मी मागं गप वितीनं मापून खूण करायचो. टपरीवर ही बी नक्कल केली. म्हणलं, म्हातारा आता भिताडाशी बोलतोय.

मग अण्णा चार दिवस मिरजेला गेले. त्यांची बायको, आमी त्यांला अक्का म्हणतो, पायऱ्यांवरनं पडल्यावर त्यांचा डावा गुडघा वाकायचा बंद झालेला. मिरजेच्या दवाखान्यात रोज पायाचा व्यायाम करून घ्यायचे. जाताना अण्णा म्हणाले, "मी आल्यावर फाउंडेशन बशिवू." फाउंडेशन म्हंजे इंजिन ज्याच्यावर बसतंय ती लोखंडी बैठक.

आता थांबायचं का न्हाई? पण टपरीवर मी बोलून बसलो हुतो की म्हातारा यायच्या आत इंजिन आत घालून दावतो. भिताडाकडं कोण पुटपुटाय न्हवतं. मी अंदाजानं बैठक जोडली आन् इंजिन साखळीनं खाली सोडलं. ते बसलं चार बोटं मागं. इंजिन आन् माणसाच्या मधी जो पत्रा असतोय, त्येला डाव्या अंगानं जाऊन भिडलं.

खरं म्हंजे बैठक कापून फुडं घ्यायची. दोन दिवसांचं काम. मी ग्राइंडर घेतला आन् पत्राच कापला. तिथं आत आलेलं इंजिन झाकाय आतल्या बाजूला एक पत्र्याची पेटी जोडली, वीतभर आत आलेली, बरोबर डावीकडं बसणाराच्या पायापाशी. वरनं रबरी मॅट टाकली. मनात म्हणलं, हळदीच्या पोत्याला पाय कुठं असत्यात.

अण्णा आले. पोटामुळं त्यांला वाकून बघाय येत न्हाई हे मला ठाऊक हुतं. टिचक्या मारल्या, थांबले, किल्ली फिरवली. त्या जीपच्या इंजिननं असा आवाज केला की शेडचं पत्रं वाजाय लागलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणलं, "धूर हाय, अण्णा." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शर्टावर पिवळा पंजा उठला. टपरीवर तोच मिरवला मी.

दोन दिवसांनी सकाळीच रिक्षातनं अक्का उतरल्या. इस्त्रीचं लुगडं, खाली पांढरे स्पोर्ट बूट, हातात काठी आन् जेवणाचा डबा. अण्णांनी नवी टोपी घातली हुती. म्हणाले, "पाचगणीला जातोय. दिवस बुडायच्या आत वर."

दोघांनी धरून अक्कांना डाव्या सीटवर सोडलं. उजवा पाय आत गेला. डावा निम्म्यात जाऊन पत्र्याला थटला. वाकत तर न्हाई. तिरपा केला, न्हाई. दारावरनं भाईर काढून बघितला, तर पांढरा बूट रस्त्याला सिग्नल दिल्यागत दिसाय लागला. मग अक्काच हसून म्हणाल्या, "तुमी व्हा फुडं. मी येते चालत. सवय हाय मला."

मला वाटलं इनोद हाय. मी लय मोठ्यांदा हसलो. हसणारा मी एकटाच हुतो.

मग अक्कांनीच सांगितलं. लगीन झाल्यावर चार दिवसांनी दोघं ह्याच गाडीनं पाचगणीला निघालेली. पसरणीच्या घाटात गाडी दोघांना ओढंना. अक्का शालू नेसून खाली उतरल्या. तरीबी अण्णांना थांबता येईना, थांबलं तर इंजिन बंद पडंल. अण्णा एकटेच गाडी घेऊन वर गेले आन् नवी नवरी दुपारच्या उन्हात चार वळणं चालत मागनं. एस्टीतली लोकं खिडकीतनं बघत हुती.

"त्यात काय एवढं," अक्का म्हणाल्या. "ह्यांच्याच मनात ऱ्हायलं."

अण्णा भिताडापाशी गेले. ओल्या फडक्यानं कागद भिजवला, कडनं हळूहळू सोडवला, उलटा केला. निम्मी अक्षरं भिताडावरच ऱ्हायली हुती. उरलेली त्यांनी वाचली, माझ्याकडं न बघता.

"डावी बाजू. सीटपासून पुढे बेचाळीस इंच मोकळे ठेवणे. तिचा पाय वाकत नाही. येथे हात लावू नये."

मी म्हणलं, "अण्णा, मला वाचाय येत न्हाई." जल्मात पयल्यांदा म्हणलं, आन् ते बी अक्कांच्या फुड्यात.

"ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. "ही बाजू भिताडाकडं केलीस तवाच कळलं. म्हणून तर रोज मोठ्यांदा वाचत हुतो. एवढंच ऱ्हायलं. दुसऱ्या माणसाजवळ बायकोच्या पायाचं बोलायचं कसं, मला लाज वाटली."

म्हंजे त्यो माणूस भिताडाशी बोलत न्हवता. माझ्याशी बोलत हुता. आन् मी त्येची नक्कल करून चहा पीत हुतो.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं येत न्हाईत. आले. टिचक्या मारल्या, थांबले. मग खिशातनं एक सुतळी काढून माझ्या हातात दिली. एका टोकाला गाठ, गाठीला हळद लावलेली. म्हणाले, "अक्काच्या पायाचं माप. हे तर वाचता येतंय न्हवं?"

मी पेटी कापली, बैठक चार बोटं फुडं घेतली, सुतळी लावून लावून बघितली. इंजिन फुडं गेल्यावर बॉनेट बसंना. ते बी कागदात हुतं म्हणं. बॉनेटला भोक पाडलं. इंजिनचं टाळकं भाईर आलं, टोपीतनं शेंडी आल्यागत. अण्णा म्हणाले, "बरं झालं. आत कोण झोपलाय ते दिसंल तरी." आता टिचक्या मडगार्डावर माराय लागले.

निघालो. ती दोघं गाडीत, मागनं मोटरसायकलीवर मी, पाने आन् तेलाचा डबा घेऊन, न जाणो काय निखळलं तर. कराडच्या आधी सायलेन्सर निखळला, मीच जोडलेला. तारंनं बांधस्तवर दुपार झाली. वाई गाठली तवा दिवस कलला हुता. अण्णा सारखं वर बघत हुते.

घाट लागला. त्या तांबड्या बुटकीनं असा चढ धरला की मला मागनं अक्कांचा पदरच दिसत ऱ्हायला, मग त्योबी दिसंना. आन् दुसऱ्या वळणावर माझी मोटरसायकल धूर सोडून गप झाली. मी हाका मारल्या. त्या इंजिनच्या आवाजात कुठल्या ऐकू जात्यात. उतरलो आन् ढकलत निघालो. पुण्याच्या गाड्यांतली माणसं काच खाली करून बघायची. एकानं फोटो काढला. मी मान खाली घालून चालत ऱ्हायलो. बघून घ्या म्हणलं, चांगलं बघा.

वर पोचलो तवा सूर्य बुडून गेला हुता. रस्त्याकडंच्या कट्ट्यापाशी गाडी उभी. अक्का सीटवर डावा पाय लांब सोडून बसलेल्या. अण्णा कट्ट्यावर. मधी डबा, झाकण तसंच लावलेलं.

मी म्हणलं, "जेवला न्हाई? दिवस बुडाला की."

अण्णा आभाळाकडं बघत बसले. अक्का म्हणाल्या, "कवाधरनं म्हणतीया, खाऊन घ्या, सदाचं त्येला ठेवू. तर म्हणत्यात, एकदा सोडून फुडं गेलो तेवढं बास."

आता सकाळपतूर दोघांना पाणीसुदीक न्हाई. अक्कांनी डबा उघडून माझ्याकडं सरकावला. दशम्या आन् शेंगाची चटणी. मी न्हाई म्हणलं तर अण्णा म्हणाले, "खा रं. चालून आलायस."

मी खाली मान घालून खाय लागलो. चव काय सोडवंना. अण्णा उठले, माझ्या बंद पडलेल्या मोटरसायकलीपाशी गेले, टाकीवर तीन टिचक्या मारल्या, आन् हात मागं बांधून गप उभं ऱ्हायले.