यंत्र चालू स्थितीत मिळाले

माणूस किती उंच गेला याला महत्त्व नाही. तो उंच गेला हे कॉम्प्युटरला पटलं पाहिजे. पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीनं हे तत्त्व ज्या निष्ठेनं पाळलं, तिला तोड नाही.

सी विंगमधली स्वप्नाली तोडणकर सुट्टीच्या दिवशी पुण्याला जाऊन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवते. (लग्नाचं वय झालेलं असूनही. ही नोंद महिला मंडळाची.) चार वर्षांच्या खटपटीनंतर एका रविवारी ती सलग पाच तास हवेत राहिली. त्याचा बिल्ला मिळायचा, तर ग्लायडरमधल्या रेकॉर्डरची नोंद कॉम्प्युटरवर उतरवून क्लबला द्यावी लागते. नोंद नाही तर बिल्ला नाही. रेकॉर्डर जुना, त्याची नऊ पिनांची केबल तिच्या नव्या लॅपटॉपला लागेना. मग तिनं एक घोडचूक केली. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "कोणाकडे जुना कॉम्प्युटर आहे का?"

तासाभरात उपसमिती स्थापन झाली. सेक्रेटरी गुणवंतभाई अध्यक्ष. ए विंगचा पराग तांत्रिक सल्लागार, कारण तो कॉम्प्युटरवर काहीतरी काम करतो (नेमकं काय, हे त्याच्या बायकोलाही माहीत नाही). अहवाल लिहायला मी. रेकॉर्डर सोसायटीच्या ऑफिसात जमा करून घेण्यात आला.

"अंकल, एकच सांगते," स्वप्नाली म्हणाली, "तो उगाच चालू करू नका. चालू असताना हलवला की त्याला वाटतं नवीन उड्डाण सुरू झालं. मेमरी भरली की जुनं आपोआप पुसलं जातं."

"बेटा, टेन्शन मत लो," गुणवंतभाई म्हणाले. "अब ये सोसायटी का मॅटर है."

सोसायटीचा मॅटर म्हणजे जबाबदारी आली. वस्तू चालू स्थितीत मिळाली आणि चालू स्थितीतच पुढे दिली, हे दिसलं पाहिजे. नाहीतर उद्या कोण कोणावर ढकलेल सांगता येत नाही. चालू स्थितीचा पुरावा म्हणजे रेकॉर्डरवरचा हिरवा दिवा. सबब तो अखंड तेवत ठेवावा, असा ठराव एकमतानं मंजूर झाला.

बाजारात छोटंसं कन्व्हर्टर मिळतं, असं स्वप्नालीनं मध्येच सुचवलं. उपाय इतका सोपा होता, की समितीला त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. मग निदान माझं यंत्र परत द्या, असं ती म्हणाली. जमा वस्तू सभा घेतल्याशिवाय परत देता येत नाही, असं तिला कळवण्यात आलं.

मग अभ्यासदौरे सुरू झाले. पहिला भाईंदरच्या सायबर कॅफेत (तिथे आता मोमोज मिळतात, बरे असतात). दुसरा उत्तनला, कारण मच्छीमारांच्या बोटींवरही यंत्रं असतात. ही तांत्रिक चर्चा जेवणापर्यंत लांबली. गुणवंतभाई शाकाहारी असल्यामुळे बाहेर रिक्षात बसून राहिले, मांडीवर हिरवा दिवा. असे दौरे पुष्कळ झाले. शेवटी काशीमीऱ्याच्या एका गॅरेजात ट्रकवाल्यांची बिलं काढणारा जुना कॉम्प्युटर सापडला. स्वप्नालीला सन्मानानं बोलावण्यात आलं.

केबल बसली. "कनेक्टेड!" पराग ओरडला. टाळ्या झाल्या, पेढे फिरले, आणि स्क्रीनवर उड्डाणांची यादी उमटली. सर्वांत मोठं उड्डाण: पूनम सागर ते उत्तन आणि परत. कमाल उंची: वाटेतला डोंगरीचा चढ. पुण्याचं उड्डाण यादीत कुठेच नव्हतं.

"माझे पाच तास?" स्वप्नालीचा आवाज चिरकला. "मी सांगितलं होतं ना, चालू करू नका म्हणून!"

"अगं, पण कनेक्ट तर झालं ना," पराग पेढा चघळत म्हणाला.

तिनं दिवा बंद केला, रेकॉर्डर उचलला आणि निघून गेली. (यावेळी सभा घ्यावी लागली नाही.) मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि त्या पेढे खाणाऱ्या तोंडांची शिसारी आली. तथापि अहवालात भावनांना स्थान नसतं.

पुढच्या रविवारी उपसमितीचा सत्कार झाला. पाठीमागे लावलेल्या फ्लेक्सवर रिक्षाच्या प्रवासाचा नकाशा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आकाशाला गवसणी'. ग्रुपवर त्या फोटोला एकशे चाळीस अंगठे आले.

तुम्ही हळहळलात, हे मला दिसतंय. तिनं आधीच कन्व्हर्टर का नाही घेतलं, तो दिवा कोणीतरी का नाही मालवला, हेच तुमच्या मनात चाललं असणार. पाच तास इंजिनाशिवाय वर राहून त्या मुलीला काय दिसलं, हे सोसायटीत कोणालाही विचारावंसं वाटलं नाही. तुम्हालाही नाही. उपसमितीत एक जागा रिकामी आहे. मी तुमचं नाव सुचवलंय.