भूमेश्वरीची सोडचिठ्ठी

मी रोज डायरी लिहितो. सव्वीस वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही. (टायफॉइडमध्ये चार दिवस चुकले होते, पण ते नंतर आठवून भरून काढले आणि तसे समासात नमूद केले आहे.) त्यामुळे दवनीवाड्याला, माझ्या सासुरवाडीला, जे घडले ते मला तारीखवार सांगता येईल. 

सुरुवात झाली ती ११ जानेवारी २००९ रोजी. संगणकावर मराठीत डायरी लिहिण्यासाठी मी ‘रोजपान’ नावाचा एक मोफत प्रोग्राम वापरत असे. तो ओपन सोर्स होता. म्हणजे त्याचे सगळे पोट उघडे: कोणीही आत बघावे, दुरुस्त करावे आणि दुसऱ्याला द्यावे. चार गावांतली चार पोरे फावल्या वेळात तो बनवत. पोरे हुशार होती, पण त्यांची वेबसाइट पाहून मला घाम फुटे. मदतीच्या पानावर एकूण तीन वाक्ये होती. ‘फाइल उतरवा. चालवा. अडचण आल्यास शोधा.’ काय शोधा, कुठे शोधा, काही नाही.

मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले. शेहेचाळीस चुका, पान आणि ओळीसकट. नागपूरचा खुशाल म्हणून त्यांचा म्होरक्या होता, त्याचे दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: ‘काका, एवढं दिसतंय तर तुम्हीच दुरुस्त करा ना. पासवर्ड पाठवतोय.’

हो म्हणायला काय हरकत होती? पण मी विचार करायला दोन दिवस घेतले आणि मग हो म्हटले.

चार महिने मी राईस मिलमधल्या कामावरून आलो की संगणकासमोर बसे. सगळी वेबसाइट नव्याने मांडली. मदतीची तीन वाक्ये होती तिथे एकसष्ट पाने झाली. (‘माउस उजव्या हातात धरावा. डावखुऱ्यांनी डाव्या हातात धरल्यास चालेल.’) खुशाल प्रत्येक पानावर फक्त ‘भारी’ असे लिहून पाठवी. त्याने ती वाचली असतील अशी माझी तेव्हा समजूत होती.

मे महिन्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती निघायची होती. खुशालने कळवले की ज्याने जास्त काम केले त्याने आवृत्तीला नाव द्यायचे, अशी त्यांच्यात पद्धत आहे. आधीच्या आवृत्त्या ‘आंबा’ आणि ‘फणस’ अशा होत्या. मी बायकोचे नाव दिले: ‘भूमेश्वरी’. बावीस वर्षांच्या संसारात तिला अचानक खूश करण्याचा हा माझा पहिलाच प्रयत्न. शेवटचाही.

नव्या आवृत्तीसोबत एक कागद काढावा लागतो: यात नवे काय, दोष कोणते, कशी वापरावी. त्याला पोरे इंग्रजीत ‘रिलीज नोट’ म्हणत. मराठी शब्द शोधायचे काम माझ्याकडे आले. कोणी ‘आवृत्ती-प्रकाशन-निवेदन’ सुचवले होते, पण ते म्हणताना मध्ये पाणी प्यावे लागले असते. मी राईस मिलच्या फाटकावर कारकून आहे. तांदळाचा ट्रक भरला की मी एक चिठ्ठी लिहितो, तेव्हाच चौकीदार फाटक उघडून गाडी सोडतो. त्या चिठ्ठीला आमच्या मिलमध्ये सगळे ‘सोडचिठ्ठी’ म्हणतात. रोज वीस-पंचवीस सोडचिठ्ठ्या मी स्वतःच्या हाताने देतो. रिलीज म्हणजे सोडणे, नोट म्हणजे चिठ्ठी. शब्द कसा चपखल बसला!

या शब्दाचा दुसरा अर्थ आठवला नाही का, असे मला नंतर अनेकांनी विचारले. नाही आठवला. खुशालने ‘भारी’ म्हणून कळवले. चारही पोरे अविवाहित होती.

आवृत्ती निघाली त्या आठवड्यात भूमेश्वरी बुधवारीच माहेरी, दवनीवाड्याला गेली होती. तिचा भाऊ तिलक याच्या मुलीची, रिंकीची, रविवारी सगाई होती. तिलक तिथे कॉम्प्युटर सेंटर चालवतो, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांत ई-मेल असलेला तो एकटाच. म्हटले, त्याच्याकडूनच तिला कळू दे. शुक्रवारी दुपारी मी वेबसाइटवरचे निवेदन त्याला पाठवले. विषय: ‘भूमेश्वरीची सोडचिठ्ठी’.

शनिवारी सकाळी फोन वाजला.

“जीजाजी, हे काय करून राहिले तुमी?”

मला वाटले, अभिनंदन. “आवडलं का?”

“आवडलं? सेंटरमंदी प्रिंट काढली, माझ्या आधी सात जनानं वाचली! बाबा खाटेवरून उठून नाई राहिले.”

“एवढं नको करू गा. अजून बहुत काम बाकी हाय तिच्यात.”

“कोनाच्यात?”

“भूमेश्वरीच्यात. दिवाळीले नवी आनतो ना.”

 तिलक अगदी हळू आवाजात म्हणाला, “जीजाजी, केशोराव आज घरी येऊन राहिले. पोराचे बाप हायेत ते. ज्या घरच्या पोरीले जवायानं सोडलं, त्या घरची पोरगी ते सून मनून नेतील का? रिंकीचं लगन तुटलं तं तुमाले पाह्यतो मी.” आणि त्याने फोन ठेवला.

मी संगणक उघडला आणि माझे निवेदन पुन्हा वाचले. या वेळी तिलकच्या डोळ्यांनी.

‘सर्वांना कळविण्यास आनंद होतो की, बऱ्याच प्रतीक्षेनंतर आज भूमेश्वरीची सोडचिठ्ठी देत आहोत. भूमेश्वरी आता कोणालाही मोफत नेता येईल. आपल्या गरजेनुसार तिच्यात बदल करावेत. ज्ञात दोष: भूमेश्वरी कधीकधी कारण नसताना बंद पडते, अशा वेळी थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. जुनी काढून टाकल्याशिवाय नवी बसवू नये. भूमेश्वरीबाबत कोणतीही हमी दिली जात नाही.’

खाली माझे पूर्ण नाव, गाव आणि ‘अधिक माहितीसाठी भेटावे’ अशी ओळ. (ही ओळ खुशालला नको होती. मी आग्रहाने घातली.)

दवनीवाड्याच्या बसमध्ये मी काय बोलायचे त्याचा मसुदा वहीत लिहीत होतो. पहिल्या वाक्याची अकरा वेळा खाडाखोड झाली, तोवर गाव आले.

अंगणात खाटेवर सासरे ग्यानीराम बसले होते. त्यांच्या शेजारी केशोराव, मांडीवर तो कागद. भोवती दहा-बारा माणसे. मी तिलकला म्हटले, चल, कॉम्प्युटरवरच दाखवतो. तर लाईट गेलेली. संध्याकाळी सहाला येणार.

“जवाईबापू,” सासरे म्हणाले, “पोरीत काय कमी होती, तेवढं सांगा.”

“मामाजी, काही कमी नाई. हे कागदातली भूमेश्वरी मनजे आपली नाई. हे दुसरी हाय.”

“दुसरी!” अंगणातून एकच आवाज उठला. आत काहीतरी खणकन पडले.

“कुठची हाय?” केशोरावांनी विचारले.

“तशी नागपूरची. पन पुण्यातला एक जन हाय, कोल्हापूरचा एक हाय…” हे चुकते आहे हे मला कळत होते, पण थांबता येत नव्हते. “अजी, बाई नाई ते! प्रोग्राम हाय, प्रोग्राम!”

“पाहा,” केशोराव सासऱ्यांकडे वळून म्हणाले, “प्रोग्रामबी ठरला मनते.”

“कव्हाचा?” मागून कोणीतरी विचारले. “मांडव कुठं हाय?”

मी वही उघडली. माझा मसुदा मलाच वाचता येईना. केशोराव उठून उभे राहिले, पायात चप्पल घालू लागले. “ग्यानीरामजी, रामराम. आमी घरी जाऊन विचार करतो.” तिलकचा चेहरा पांढरा पडला. दाराआड रिंकी उभी होती. तिने ओढणी तोंडात धरली.

तेवढ्यात भूमेश्वरी बाहेर आली. हात पिठाने माखलेले. कागद तिच्यापासून कालपासून लपवून ठेवला होता.

“मले दाखवा तो कागद,” ती म्हणाली.

तिने तो मोठ्याने वाचला. सगळा. ‘मोफत नेता येईल’पाशी एक भुवई वर गेली. ‘कारण नसताना बंद पडते’पाशी तिने थांबून माझ्याकडे पाहिले, आणि मी जमिनीकडे. मग कागदाची घडी घालत म्हणाली:

“हे यांच्या कॉम्प्युटरच्या डायरीचं हाय. चार महिने तेच करून राहिले. माझं नाव देल्लं वाटते तिले.”

“अन् सोडचिठ्ठी?” केशोराव.

“तांदळाचा ट्रक सोडतेत ना मिलमंदी, तो शब्द. आनि काऊन जी केशोराव भाऊ, तुमी या मानसाकडं पाह्यलं का एकदा?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

“बावीस वर्सात यांनी एक सदरा सोडला नाई. पंख्याचं बटन बदलाचं होतं, तं तीन दिवस डायरीत लिहून राहिले, बदलू का नको. हे मले सोडतील? सोडाचं मनात आलं असतं ना, तं आज पहिलाच खर्डा चालू राह्यला असता.”

केशोरावांनी माझ्याकडे बघितले. पायांपासून डोक्यापर्यंत. वहीतल्या खाडाखोडीकडे, फाटलेल्या कॉलरकडे. मग त्यांनी चप्पल काढली आणि पुन्हा खाटेवर बसले.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “याच्यानं नाई होत. च्या ठेवा.”

अंगण खदखदून हसले. सासरे खाटेवरून उठले. रिंकी आत पळाली. माझ्यावर इतक्या लवकर आणि इतक्या लोकांनी एकदम विश्वास ठेवल्याची दुसरी नोंद डायरीत नाही.

रविवारी सगाई झाली. मला पुढच्या रांगेत बसवले होते. येणारा-जाणारा ‘हेच का ते?’ असे विचारून जात होता.

परतीच्या बसमध्ये भूमेश्वरी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

“कारण नसताना बंद पडते?”

“अगं, ते प्रोग्रामचं…”

“कारन होतं. दरवेळी होतं.”

आमचे गोंदिया येईपर्यंत ती बंद होती. मी थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही.

घरी आल्याबरोबर मी वेबसाइट उघडली. ‘सोडचिठ्ठी’ काढून तिथे ‘नवीन काय आहे’ असे केले. आवृत्तीचे नावही बदलले. पुन्हा कोणाच्या मुलीबाळीचे नाव नको, म्हणून सरळ माझेच दिले: ‘जागेश्वर’. खुशालला कळवले. त्याने लिहिले, ‘भारी’.

आठ दिवसांनी तक्रारींच्या पानावर पहिली तक्रार आली. लिहिणारा अनोळखी, कुठल्याशा दूरच्या गावचा. मी ती भूमेश्वरीला वाचून दाखवली, कारण आता मी तिच्यापासून काही लपवत नाही.

‘जागेश्वर सुरू व्हायला फार वेळ घेतो. एखादी साधी गोष्ट विचारली तरी एकसष्ट पाने उघडतो आणि उत्तर देत नाही. काय करावे?’

खाली खुशालने शेरा मारला होता: ‘माहीत आहे. दुरुस्ती होणार नाही.’

भूमेश्वरी चष्मा लावून पडद्याजवळ आली. तिने तो शेरा दोनदा वाचला.

“कोन हाय जी हा पोरगा?” ती म्हणाली. “तुमाले कव्हा भेटला नाई मनता, पन ओळखते चांगला.”