दिवा लागेपर्यंतचा थांबा

“कानबाई माय उनी, पांझरा पार करी, दिवा लाव वं सून...”

इथं तो आवाज थांबायचा. मागे चुलीतलं लाकूड तडकायचं, एखादी बांगडी किणकिणायची, आणि मग, जणू कुणी खरंच उठून दिवा लावल्यावर, चांदणं घरी आल्याची उरलेली ओळ यायची, “...चांदनं उनं घरी.”

पितांबरभाऊंनी हा आवाज तरुणपणी टेपवर धरला होता. माय यंत्रासमोर गायला लाजायची, म्हणून त्यांनी रेकॉर्डर चुलीशेजारी ठेवला, बटण दाबलं आणि स्वतः ओट्यावर जाऊन बसले. नंतर ऐकलं तर आवाज जरा कोवळाच वाटला. मायला विचारलं, तर ती म्हणाली, “टेपमा आवाज बारीकच येस रे भाऊ.” त्याच वर्षी माय गेली. पुढे कॅसेटला बुरशी लागली आणि आवाजही गेला. उरली ती भाऊंच्या कानातली चाल.

ती चाल त्यांनी कॉम्प्युटरला शिकवली. कॉम्प्युटर आताचा नव्हे. भाऊंचा पांझरा नदीकाठच्या देवपुरात टायपिंग क्लास होता, त्या काळात हौसेनं घेतलेला. कीबोर्डच्या पोटातच सगळा मेंदू, रबरी बटणं, पडद्याच्या जागी जुना टीव्ही. त्याचा प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवर साठवायचा, आणि हवा असेल तेव्हा टेपची वायर लावून त्याला पाजायचा. मुलगी किरण लग्न होऊन पुण्याला गेली, क्लास बंद पडला, टाइपरायटर भंगारात गेले. पण ही पेटी भाऊंनी जित्या जनावरासारखी सांभाळली. शेजारचे अमीनभाई रेडिओ दुरुस्तीतले. जुन्या रेडिओंमधून एकेक सुटा भाग काढून ते आणून द्यायचे आणि कथलाचा डाग देता देता म्हणायचे, “भाई, हम दोनों के बाद ये बचेगी.”

त्या पेटीला एका वेळी एकच सूर काढता यायचा. भाऊंनी तिला दोन सुरांवर इतक्या झपाझप उड्या मारायला लावल्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन बाया जात्यावर समोरासमोर बसून गाताहेत. हे जमलं, पण थांबा जमेना. मोजून ठेवलेला थांबा लाइट गेल्यासारखा वाटायचा. दिवा लावल्यासारखा वाटत नव्हता. भाऊ वर्षानुवर्षं त्याच जागेशी झटत होते. एकदा त्यांच्या बायको यशोदाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सहज म्हणाल्या, “थांबा तितला लांब नव्हता.”

“तुले काय माहीत?”

“मी आपलं असंच सांगं,” म्हणून त्या आत गेल्या, आणि आत कुठलंतरी भांडं पडलं.

भाऊंनी थांबा जरा आखूड केला. तंतोतंत बसला! नवल वाटून त्यांनी बायकोला हाक मारली, “कसं शे?” आतून उत्तर आलं, “बरं शे.” यशोदाबाईंचं कौतुक कायम एवढंच. गाण्यातलं त्यांना काही कळत नाही, हे भाऊंनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवून टाकलेलं होतं.

यंदा श्रावणात कुळाची देवी कानबाई बसवायची पाळी भाऊंच्या घरची होती. साक्रीकडच्या गावांतून सगळी भावकी येणार होती. भाऊंनी नवस बोलल्यासारखं ठरवलं : मायचं गाणं पहिल्यांदा कानबाई ऐकेल. म्हणून त्यांनी ते मोबाईलवरही उतरवलं नव्हतं. किरण फोनवर म्हणाली, “बाबा, एक कॉपी तरी ठेवा ना.” भाऊ म्हणाले, “देवीच्या आधी मोबाईलनं ऐकायचं का?”

रविवारी दुपारीच घर भरलं. चौरंगावर कानबाई सजली, आत नैवेद्याच्या रोटांचा घाट सुरू झाला. मोठे चुलतभाऊ उखर्डूआबा खुर्चीत बसले आणि टीव्हीसमोरच्या पेटीकडे काठी रोखून म्हणाले, “कारे पितांबर, हाई डबडं गानं म्हनी?”

“म्हनी आबा. मायनं गानं म्हनी.”

“काकू गात व्हती तवय गावनी बैलगाडी थांबे,” आबा म्हणाले. “देख बरं. काकूनं नाव खराब नको करू.”

प्रोग्राम भाऊंनी सकाळीच पेटीत भरून ठेवला होता. आता फक्त एक बटण दाबायचं.

दिवेलागणीला साउंडवाला निंबा आला. त्यानं गच्चीवर भोंगे चढवले, खाली आपला अॅम्प्लिफायर जोडला, आणि फट् करून घराचा फ्यूज उडाला. फ्यूज लगेच बदलला, पण पेटीची आठवण विजेपुरतीच. ती पुन्हा पाटीसारखी कोरी झाली. प्रोग्राम टेपवरून नव्यानं पाजायला हवा होता. तेवढ्यात दारात पाहुण्यांची गाडी थांबली. यजमानानं सामोरं जायलाच हवं. जाता जाता भाऊ निंबाला म्हणाले, “ती टेपची वायर जोड आन् टेप चालू कर. मी उनूच.”

निंबाचा सगळा जन्म टेपची वायर अॅम्प्लिफायरला जोडण्यात गेला होता. त्यानं ती पेटीऐवजी तिथंच जोडली. आवाजही पुरता वाढवला, घरचं काम म्हणून.

आधी एक लांबलचक शीळ आली. मग पत्र्यावर गारा पडाव्यात आणि गारांशी टिटव्यांचं भांडण लागावं, असा आवाज भोंग्यांतून साऱ्या देवपुरावर सांडला. गल्लीतली कुत्री गळे काढू लागली. पण उखर्डूआबांनी शांतपणे डोळे मिटून हात जोडले. आबांनी जोडले म्हणून सगळ्यांनी जोडले. या भावकीचा रिवाजच तसा. कानबाईचं गाणं सुरू झालं की संपेतो कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, गाणं तोडायचं नाही.

भाऊ धावत आत आले. “आबा, हाई गानं नही! हाई नुसतं गान्यानं बियानं शे!”

“श्श! बस खाले!” आबांनी एक डोळा उघडला. “देवीसमोर बोलू नही.”

भाऊंनी निंबाला खूण केली. निंबानं बटणाकडे हात नेला. आबांनी काठी उचलली. निंबानं हात मागे घेऊन तोही जोडला.

इतक्यात अमीनभाई भिजलेलं पोतं घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, गॅसची टाकी फुटली. त्यांनाही हाताला धरून खाली बसवण्यात आलं. मांडीवरचं पोतं ठिबकत होतं. जरा वेळ कान देऊन ते भाऊंच्या कानाशी कुजबुजले, “भाई, ये तो अपना प्रोग्राम है! वा, इतना साफ कभी नहीं सुना!”

अखेर ते संपलं. मग कोपऱ्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, “बोल काही समजनात नही वं माय.”

“जुनी चाल शे,” उखर्डूआबा गंभीरपणे म्हणाले. “अवघड शे.”

भाऊंनी हात जोडून सगळं समजावलं, खरं गाणं आता येईल म्हणाले, आणि टेप उलटी फिरवायला घेतली. घाईत एक बटण दाबून दुसरंही दाबलं गेलं. रेकॉर्डर गुरगुरला. झाकण उघडेपर्यंत त्याच्या तोंडातून तपकिरी फीत शेवयांसारखी बाहेर आली होती. अमीनभाईंनी पेन्सिल घालून अलगद सोडवायला घेतली, पण फीत पीळ खाऊन तुटली होती, एका जागी नव्हे, जागोजागी. अमीनभाईंनी मान खाली घातली. “भाई... ये गई.”

भाऊ फितीचा गुंता ओंजळीत घेऊन उभे राहिले. माय दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्यांना वाटलं.

“मंग आते?” आबांचा आवाजही उतरला होता. “कानबाई बिगर गान्यानी बसाडी ठेवशी का?”

जुन्या गाणाऱ्या बाया राहिल्या नव्हत्या. सुना एकमेकींकडे बघू लागल्या. आणि तेव्हा आतून, कढईच्या चुरचुरीतून, आवाज आला.

“कानबाई माय उनी, पांझरा पार करी...”

आवाज पिकलेला होता, काठाशी जरासा फाटलेला. पण वळण तेच होतं. निंबानं न सांगता माइक दाराकडे वळवला. या वेळी त्याची वायर बरोबर जागी होती.

“दिवा लाव वं सून...”

आवाज थांबला. बांगडी किणकिणली. भाऊंचा श्वासही तिथंच थांबला.

“...चांदनं उनं घरी.”

तेवढाच थांबा. ना तीळभर लांब, ना तीळभर आखूड. गाणं पुढं चाललं, सुना सूर धरू लागल्या, उखर्डूआबा पागोट्याच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. भाऊ मात्र ओंजळ तशीच धरून उभे होते.

आरती झाल्यावर ते आत गेले. यशोदाबाई पाठमोऱ्या बसून रोट तळत होत्या.

“मायनी ती थांबानी जागा,” भाऊ म्हणाले, “तुले कशी सापडनी?”

यशोदाबाईंनी झारा निथळला.

“ओ किरणना बाप, ती मायनी जागा नव्हती. तो आवाज मना व्हता. त्या दिवशी मायना घसा बसेल व्हता. तिनी माले पुढं करं. ‘तू म्हन वं, त्याले काय समजस,’ म्हने. मी नवी नवरी. तुमी ऐकीसन इतला खूश व्हयनात, आन् मंग माय गयी. तुमनी माय तुमन्यापासून कशी काढी लेऊ? म्हनीसन गप ऱ्हायनू.”

भाऊ खाली बसले. मग त्यांनी विचारलं, “आन् थांबा? ते दिवा लागेपर्यंत थांबनं... ते तरी मायनी शिकाडेल ना?”

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. आतून हसू फुटलं की रडू, ते भाऊंना कळेना.

“दिवा-बिवा काही नही वो,” त्या म्हणाल्या. “तव्यावरनी भाकर करपाले लागनी व्हती. ती उलटाई, आन् मंग पुढं म्हनं.”