मिस प्रॅटचे पणजोबा

वंशावळ काढणं म्हणजे सुश्रुत कानिटकरच्या हातचा मळ! निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. लंडनमधल्या हॅरोतल्या त्याच्या घरात कुलवृत्तांताचे दोन जाडजूड खंड होते. ते पुण्याहून आणताना सामानाचं वजन वाढलं, म्हणून त्याने आपले स्वेटर मागे ठेवले होते.

शेजारच्या मिस प्रॅटचे पणजोबा शोधून द्यायचं त्याने आपणहून कबूल केलं, ते मात्र निव्वळ प्रेमापोटी नव्हे. दिवाळीला सासूबाई कायमच्या राहायला येणार होत्या. त्यांच्यासाठी छपराखालच्या माळ्यावर खोली काढायची होती, आणि दोन्ही घरांची भिंत सामाईक असल्यामुळे ऐंशीच्या घरातल्या मिस प्रॅटची सही मिळाल्याशिवाय बिल्डर शिडीसुद्धा लावणार नव्हता.

बाईंना आजोबांचं नाव तेवढं ठाऊक होतं, अल्बर्ट पर्सी प्रॅट. सुश्रुतला आणखी काय हवं! अल्बर्ट मुलगा, पर्सी बाप. १८९१च्या जनगणनेत त्याला स्टॅनमोरचे पर्सी प्रॅट सापडलेही. मोठा बंगला, तीन वर्षांचा अल्बर्ट, स्वयंपाकीण, चार मोलकरणी आणि माळी.

मिस प्रॅट दुसऱ्याच दिवशी स्टॅनमोरला जाऊन तो बंगला बाहेरून पाहून आल्या. मग त्यांनी सुश्रुतला चहाला बोलावलं आणि गोड शब्दांत सांगितलं, की आमच्या घराण्यात माळ्यावर नोकर राहत असत, तेव्हा शेजारी तसलं काही झालेलं बरं दिसणार नाही.

घरी चैत्रालीने नवऱ्याचं ते संशोधन एकदाच वाचलं.

"अरे, आपल्यात मधे वडिलांचं नाव असतं. यांच्यात मधे कुणीही असतं. माझ्या मॅनेजरच्या मधल्या नावात त्याच्या आजीचं माहेर आहे."

सुश्रुत परत जनगणनेत शिरला. खरा अल्बर्ट पर्सी त्यांच्याच गल्लीत निघाला. बाप वॉल्टर, धंदा गवंडीकाम. दोन खोल्यांत सहा मुलं, वर एक भाडेकरू. सुश्रुतचा जीव भांड्यात पडला. गवंड्याची पणती बांधकामाला नाही कशी म्हणेल?

सगळं ऐकून मिस प्रॅटनी चष्मा काढून पुसला. बंगला गेल्याचं त्यांना फार लागलं असणार, या विचाराने सुश्रुत कळवळला आणि कुणी न विचारता बोलून गेला, "कोणी सांगावं, आपली ही भिंतसुद्धा त्यांनीच बांधली असेल!"

बाई उठल्या. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मग हिला मी हातोडा लागू देणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पणजोबांची भिंत आहे ही."

दिवाळीला सासूबाई आल्या. त्या चैत्रालीजवळ झोपतात. सुश्रुत हॉलमध्ये, त्या भिंतीला लागून असलेल्या सोफ्यावर. पाय मात्र तो दुसऱ्या बाजूला करतो. काही झालं तरी थोरामोठ्यांची भिंत आहे.