दगडूतात्यांची वाकडी रेघ

दगडूतात्यांना रस्ता विचारू नये. राहात्यात एका पाहुण्याने स्टँड कुठे म्हणून विचारलं, तर त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "माझी चारशे बारा पावलं. तुमची टांग लांब हाय, तीनशे ऐंशी धरा." पाहुणा बिचारा खरोखर मोजत गेला.

मोजणी खात्यात शिपाई म्हणून तात्यांनी जन्मभर साखळी ओढली, लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर साखळी सरकारजमा झाली, पाय तेवढे उरले. लग्नातसुद्धा मांडव ते पंगत मोजल्याशिवाय घास घेत नसत. कुणी काही ठासून सांगू लागला, की यांचं ठरलेलं, "मोजल्याबिगर बोलू नये."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी राहात्यात कॉम्प्युटर क्लास काढला होता. मशीन दोन, त्यातलं एक कायम आजारी. तात्या माझ्याच गावचे, बौद्धवस्तीतले. एक दिवस पावलांच्या आकड्यांनी भरलेली वही घेऊन आले.

"गावाच्या नकाशात आमची वस्ती न्हाई. मोकळी जागा दावलीय. तुमच्या मशीनवर काढा."

मग रोज चहा आणि नकाशा. तात्या घरागणिक गोष्ट सांगत. "हितं शेवंता. पोरगी मॅट्रिक झाली तवा पेढं वाटाया निघाली, गावानं वेशीपसून माघारी धाडली. दोनशे तीन पावलं." मी चौकोन काढून नाव टाकी.

वस्तीपासून ओढ्यापर्यंतची रेघ मात्र भलतीच वाकडी होती. मी ऐटीत माऊस फिरवून ती सरळ केली. तात्या पहिल्यांदाच माझ्यावर तडकले.

"आय पाण्याला जायची ती वाट हाय. सरळ गेलं तर तीनशे भरत्यात. वरच्या आळीतनं आमाला जाऊ देत नव्हते, म्हनून वळसा घालून नऊशे. डोक्यावर घागर."

मी रेघ पुन्हा वाकवली. वळणावर एक चौकोन होता, सगळ्या नकाशात तेवढाच बिननावाचा. शेजारचा लिंब मी ओळखला. ते आळीच्या तोंडावरचं आमचं घर होतं.

"तात्या, इथं नाव राहिलं."

"ऱ्हाऊ द्या. तुमी रोज च्या पाजता."

मला फार लाज वाटली. मी आजोबांचं नाव टाइप केलं.

तात्यांनी स्क्रीनवरच्या त्या वळणावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ल्हानपनी आयवर लई वरडायचो, पाण्याला एवढा येळ का लागतो म्हनून. मोजल्याबिगर बोललो."